टुव्हिक्स आणि साठ मिलिग्रॅम

'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांच्या घोळक्यात भांडण लावून द्यायचं असेल तर फार डोकं लढवावं लागत नाही. 'टुव्हिक्स' एवढा एक शब्द टाकावा आणि चहा घेऊन बाजूला बसावं. कर्क मोठा की पिकार्ड, हे भांडण आता म्हातारं झालं. त्यात कुणाचा आवाजही चढत नाही. टुव्हिक्सचं मात्र अजून ताजं आहे. ६ मे १९९६ रोजी अमेरिकेत तो भाग पहिल्यांदा दाखवला गेला. तेव्हापासून लोक एका मालिकेच्या एका भागात आलेल्या एका माणसाच्या मरणावर तावातावाने बोलताहेत, आणि त्यातले कित्येक त्याला मरण म्हणायलाच तयार नाहीत.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. मालिका 'व्हॉयेजर'. १९९५ ते २००१ अशी सात सीझन चालली. एक जहाज आकाशगंगेच्या पार पलीकडच्या टोकाला फेकलं जातं. घर सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब, म्हणजे पूर्ण वेगाने निघालं तरी पंच्याहत्तर वर्षांचा प्रवास. कॅप्टन कॅथरिन जेनवे. तिच्या जहाजावर सुरक्षेचा प्रमुख आहे टुव्हॉक. तो व्हल्कन. म्हणजे भावना मुठीत, तर्क सोडून बोलायचं नाही, हसायचं तर नाहीच. आणि वाटेत जहाजावर घेतलेला नीलिक्स. हा स्वयंपाकी, वाटाड्या, आणि स्वतःच स्वतःला नेमून घेतलेला मनोधैर्य अधिकारी. सतत बडबड, सतत उत्साह, सतत दुसऱ्याच्या खांद्यावर हात. टुव्हॉकला तो सहन होत नाही. (मलाही कधी झाला नाही. सात सीझन मी त्याच्या प्रसंगांत चहा टाकायला उठत आले आहे.)

ही जोडी एका ग्रहावर वनस्पतींचे नमुने गोळा करायला जाते. परतताना ट्रान्सपोर्टरमधून दोघांऐवजी एकच माणूस बाहेर पडतो. त्यांनी आणलेल्या एका ऑर्किडच्या गुणधर्मामुळे दोघांची शरीरं एकजीव झालेली असतात. त्याला दोघांच्याही आठवणी आहेत, दोघांचंही कसब आहे, पण तो दोघांपैकी कुणीच नाही. नाव तो स्वतःच घेतो : टुव्हिक्स. टॉम राइट या नटाने ही भूमिका फार सुंदर केली आहे; टुव्हॉकचा ताठा आणि नीलिक्सची ऊब त्याने अशी मिसळली आहे की तुकडे दिसत नाहीत. माणूस दोघांपेक्षाही बरा निघतो. पहाऱ्याचं काम चोख, स्वयंपाक उत्तम, बोलणं नेमकं आणि तरी प्रेमळ. हळूहळू जहाज त्याला सरावतं.

आणि मग डॉक्टरला दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते. टुव्हिक्स म्हणतो, मला नको. मला जगायचंय.

जेनवे विचार करते आणि ठरवते, की करायचं. टुव्हॉक आणि नीलिक्स बोलू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने तिने बोललं पाहिजे. टुव्हिक्स नियंत्रणकक्षात एकेकाकडे बघत विनवण्या करतो. काल ज्यांच्याबरोबर जेवला ते सगळे नजर चुकवतात. डॉक्टर नकार देतो. माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव घेणं त्याच्या व्रतात बसत नाही. मग जेनवे स्वतः कन्सोलपाशी उभी राहते आणि स्वतःच्या हाताने ते करते. टुव्हॉक आणि नीलिक्स प्रकट होतात. ती त्यांचं दोन शब्दांत स्वागत करते, बाहेर पडते, कॉरिडॉरमधून चालू लागते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. भाग संपला.

मी हा भाग पाहिला हॉस्टेलमध्ये, २००४च्या सुमारास. तेव्हा लॅनवर कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये सगळं जग असायचं. खोलीत आम्ही पाच जणी होतो. संपल्यावर दोघी म्हणाल्या, बरोबर केलं, एकाच्या बदल्यात दोन जीव वाचले. मी म्हणाले, खून आहे हा. पहाटेपर्यंत भांडलो. दुसऱ्या दिवशी इंटर्नल होती, तिचे मार्क मी आजही टुव्हिक्सच्या खात्यावर मांडते.

माझा मुद्दा तेव्हा सरळ होता. 'एकाच्या बदल्यात दोन' हे गणित मान्य केलं, तर दवाखान्यात रक्त तपासायला आलेल्या धडधाकट माणसाची दोन मूत्रपिंडं काढून दोघांना का देत नाही? मला वाटायचं हा प्रश्न मलाच सुचला. नंतर कळलं की जॉन हॅरिस नावाच्या तत्त्वज्ञाने १९७५मध्ये याच्यावर अख्खा निबंध लिहिला होता : समाजाने अशी लॉटरीच काढली, एकाचे अवयव घेऊन अनेक वाचवले, तर त्यात नेमकं चुकतं काय? माझ्या मैत्रिणीचा मुद्दाही कच्चा नव्हता. ती म्हणायची, त्या धडधाकट माणसाच्या अंगात ती मूत्रपिंडं त्याची स्वतःची असतात. टुव्हिक्सकडे स्वतःचं काय आहे? सगळं दुसऱ्यांचं. उसनं घेतलेलं परत करायला लावलं, तर तो खून कसा? मी म्हणायचे, आपल्या प्रत्येकाकडे स्वतःचं काय असतं? नाक आजोबांचं, राग आईचा. पण जन्माला येताना मी कुणाला नाहीसं केलं नव्हतं, हे मला तेव्हाही मनात टोचायचं. बोलले नाही, एवढंच.

एक मात्र मला आजही खटकतं, आणि ते गणिताच्या पलीकडचं आहे. १९८९मध्ये 'नेक्स्ट जनरेशन'चा 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग आला होता. त्यात डेटा नावाच्या यंत्रमानवाला सुटा करून तपासायचा घाट घातला जातो आणि डेटा नाही म्हणतो. तिथे त्याच्यासाठी सुनावणी भरते. पिकार्ड त्याची बाजू मांडतो, रायकरला मनाविरुद्ध दुसरी बाजू मांडावी लागते, आणि तो ती इतकी चोख मांडतो की नंतर स्वतःला तोंड दाखवू शकत नाही. निकाल काय लागला, हे बाजूला ठेवू. एका यंत्राला 'नाही' म्हणायचा हक्क आहे का, हे ठरवायला त्या विश्वात न्यायाधीश बसवला गेला. सातच वर्षांनी, त्याच विश्वात, हाडामांसाच्या टुव्हिक्सच्या वाट्याला काय आलं? वकील नाही, सुनावणी नाही. निर्णय घेणारीही तीच, बजावणारीही तीच, आणि ज्याला परत आणायचं तो तिचा जुना जिवलग मित्र. जहाज एकटं, वर दाद मागायला कुणी नाही, हे मान्य. पण निदान एकाने तरी उठून 'कॅप्टन, थांबा' म्हणायला हवं होतं. म्हणतो तो फक्त डॉक्टर, जो स्वतःच एक होलोग्राम आहे. तेवढा एक प्रसंग लेखकांनी मनापासून लिहिलाय.

खरी गोम अर्थात वेगळी आहे, आणि ती प्रत्येक चाहत्याला ठाऊक असते. टिम रस आणि ईथन फिलिप्स हे नट मालिकेत कायमचे होते, टॉम राइट एका भागापुरता पाहुणा. टुव्हिक्सचा मृत्यू जेनवेने ठरवलाच नाही, तो नव्वदच्या दशकातल्या टीव्हीने ठरवला. प्रत्येक आठवड्याला गोष्ट नव्याने सुरू झाली पाहिजे, म्हणजे मधला एखादा भाग चुकला तरी प्रेक्षकाचं अडत नाही. पहिल्या सीझनमध्ये सांगतात की जहाजावर ३८ फोटॉन टॉर्पेडो आहेत आणि नवे मिळायचा मार्ग नाही. चाहत्यांनी पुढे मोजदाद केली; जहाजाने त्याहून कितीतरी जास्त उडवले. या आठवड्यात भोकं पडलेलं जहाज पुढच्या आठवड्यात लग्नाच्या मांडवासारखं लखलखीत. रोनाल्ड मूर या लेखकाला याचाच वैताग आला. थोडे दिवस तिथे काम करून तो बाहेर पडला, आणि पुढे त्याने 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' केली, जिथे पहिल्या दिवशीची जखम शेवटच्या दिवशीही दुखते.

पण दोष एकट्या टीव्हीला देऊन भागत नाही. पुढच्या आठवड्यात सगळं होतं तसं हवं असणारे आपणच होतो. नीलिक्स मला सहन होत नव्हता, तरी टुव्हिक्स कायमचा राहिला असता तर मीच कुरकुर केली असती, की टुव्हॉकला परत आणा. 'टुव्हिक्स'च्या पुढच्या भागात टुव्हिक्सचं नाव नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. चित्रवाणीवर त्याची आठवण निघाली ती थेट २०२३मध्ये, 'लोअर डेक्स' या ॲनिमेटेड मालिकेत, आणि तीही विनोद म्हणून. विनोद चांगला आहे, मी पोट धरून हसले.

मराठी माणसाला खरं तर हा प्रकार नवा नाही. चांदोबात दर महिन्याला एक वेताळ झाडावर लोंबकळत असायचा. त्याच्या पंचवीस गोष्टींत एक आहे : एका बाईचा नवरा आणि भाऊ देवीपुढे स्वतःची मुंडकी उडवतात, देवी प्रसन्न होते, डोकी धडांना लाव म्हणते, बाई घाईत अदलाबदल करते. आता तिचा नवरा कोणता? गिरीश कर्नाडांच्या 'हयवदन'च्या मुळाशी हीच कथा आहे, तीही थॉमस मानच्या हातून फिरून आलेली. विक्रम उत्तर देतो, ज्याचं डोकं तो नवरा, कारण डोकं सर्व अवयवांत श्रेष्ठ. वेताळ खूश, परत झाडावर. मला लहानपणी त्या उत्तराचं फार समाधान वाटायचं. आता वाटतं, वेताळाने प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला. त्या बाईला कुणी विचारलं?

तर हे सगळं मी वीस वर्षं असं मजेत घोळवत आले. मग आमच्या घरात टुव्हिक्स आला.

माझे बाबा व्हल्कन आहेत. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, साताऱ्यात घर बांधलं, दोन मुलं शिकवली, आणि या सगळ्यात मिळून फार तर हजारेक वाक्यं बोलले असतील. प्रेम नाही असं नाही. माझ्या दहावीच्या परीक्षेला रोज केंद्राबाहेर उन्हात तीन तास उभे राहायचे आणि मी बाहेर आले की 'चल' म्हणायचे. एवढंच. धाकट्या भावाशी, म्हणजे आमच्या काकांशी, त्यांनी अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं. कारण गावची सामाईक विहीर आणि पाण्याच्या पाळ्या. कोण चुकलं, हे मला विचारू नका. दोन्हीकडचं ऐकलंय आणि दोन्हीकडचं पटलंय.

२०२२च्या पावसाळ्यात बाबांच्या तोंडात आणि अंगावर पाण्याचे फोड येऊ लागले. त्वचेचा आजार निघाला, शरीर स्वतःवरच उलटण्यातला एक. डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलं : प्रेडनिसोलोन, साठ मिलिग्रॅम. मी तेव्हा घरून काम करत होते, लॅपटॉप उचलला आणि साताऱ्याला जाऊन राहिले. गोळ्यांचा तक्ता केला, फ्रिजवर चिकटवला. साठ, मग पन्नास, मग चाळीस, असं उतरत जायचं. एकदम बंद करायचं नाही, हे डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. झोप उडेल, मूड बदलेल, हेही सांगितलं होतं. मूड बदलेल म्हणजे काय, ते पाचव्या दिवशी कळलं.

पहाटे तीनला माळ्यावरून आवाज आला म्हणून उठले. बाबा माळा आवरत होते आणि गात होते. नाट्यगीत. मी बाबांना गाताना ऐकलंच नव्हतं. आईनेही नव्हतं, ती दारात उभी, हातात बॅटरी, चेहरा असा की घरात कुणी परका शिरलाय. पुढचे काही आठवडे आमच्या घरी जो माणूस राहिला तो अप्रतिम होता. तो भाजीवाल्याच्या मुलीच्या ॲडमिशनची चौकशी करायचा. माझ्याशी तास तास बोलायचा : धरणाच्या कामावरच्या गोष्टी, त्याच्या आईची गोष्ट, आपण दहावीच्या केंद्राबाहेर का उभे राहायचो ती गोष्ट. मी त्याला 'टुव्हिक्स' दाखवला. त्याने पूर्ण बघितला आणि म्हणाला, "त्या बाईने चूक केली. पण मी असतो तर मीही केली असती."

एका पहाटे साडेपाचला त्याने काकांना फोन लावला. मी चहा गाळत होते. "अरे, मी दादा बोलतोय," एवढं ऐकू आलं, आणि मग बराच वेळ काहीच नाही. पलीकडे काका रडत होते, हे मला नंतर कळलं. फोन ठेवता ठेवता हा म्हणाला, "दिवाळीला मी येतो. विहिरीचं तुझ्या मनासारखं करून टाकू."

आई मात्र दिवसेंदिवस आक्रसत गेली. मला वाटलं होतं, आयुष्यभर अबोल नवऱ्याबरोबर काढल्यावर तिला हे दिवस म्हणजे सण वाटतील. एका दुपारी ती मला म्हणाली, "मला यांची भीती वाटते गं. हे चांगले आहेत, पण हे हे नाहीत. माझं माणूस मला परत पाहिजे." मग लगेच, "असं म्हणू नये ना?" टुव्हिक्समध्ये केस नावाची मुलगी आहे, नीलिक्सची प्रेयसी. ती रात्री जेनवेकडे येऊन रडते, की मला नीलिक्स परत हवा आहे आणि हे मागताना मला माझीच लाज वाटते. हॉस्टेलमध्ये तो प्रसंग आम्ही पुढे ढकलून पाहिला होता. रडारड म्हणून.

साखर तीनशेच्या वर जाऊ लागली. तक्त्याप्रमाणे डोस उतरत होता. तिसावर आल्यावर एका संध्याकाळी बाबांनी मला गच्चीवर नेलं आणि विचारलं, "इथेच थांबलं तर नाही का चालणार? याच डोसवर?" मी म्हणाले, "डॉक्टर नाही म्हणतात, बाबा. हाडं ठिसूळ होतील, साखर आवरणार नाही." खरं होतं ते. शंभर टक्के खरं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मी परत आखडेन गं. दिवाळीत मी नाही म्हणालो तर ऐकू नकोस. मला गाडीत घाल आणि घेऊन जा."

मी 'हो' म्हणाले.

जेनवेची आणि माझी तुलना होऊ शकत नाही, हे मला कळतं. माझ्या हातात डॉक्टरांचा कागद होता. औषध कायम ठेवणं म्हणजे त्या नव्या माणसालाही हळूहळू मारणंच होतं. पण त्या कागदाचा मला किती आधार वाटला, हेही मला माहीत आहे. मला ठरवावं लागलं नाही. त्या संध्याकाळी गच्चीवर कुणी म्हणालं असतं, की काही अपाय नाही, ठेवा हवं तर, तर मी काय केलं असतं? आईकडे बघून तक्ता पुढे चालवला असता, की बाबांकडे बघून थांबवला असता? मी रोज सकाळी गोळी मोडून अर्धी करत होते आणि हा प्रश्न स्वतःला विचारायचं टाळत होते. जेनवेला टाळता आलं नाही. वयाच्या विसाव्या वर्षी तिला मी खुनी म्हणाले. आज तसं म्हणवत नाही, आणि 'बरोबर केलं' असंही म्हणवत नाही.

दसऱ्यापर्यंत बाबा बाबा झाले. फोड गेले, साखर उतरली. गाणं थांबलं. आई रात्री झोपू लागली. दिवाळीच्या आधी काकांचा फोन आला, खोली रंगवून घेतलीय, कधी निघताय? बाबांनी फोन माझ्याकडे दिला आणि पेपर उघडला. मी नंतर आठवण करून दिली, तेव्हा म्हणाले, "ते औषध बोलत होतं. ते माझं बोलणं नव्हे."

मग कुणाचं?

डेरेक पार्फिट हा ब्रिटिश तत्त्वज्ञ ट्रान्सपोर्टरच्या कोड्यांसाठी चाहत्यांना माहीत असतो. 'रीझन्स अँड पर्सन्स' या १९८४च्या पुस्तकात त्याने माणूस 'तोच' राहतो म्हणजे काय, याची साल काढली आहे. पण त्याचं मला सगळ्यात जवळचं उदाहरण यंत्राशिवायचं आहे. एकोणिसाव्या शतकातला एक रशियन तरुण. पुढे वारसाहक्काने त्याला मोठी जमीन मिळणार आहे. त्याची तत्त्वं सांगतात, जमीन कुळांना वाटून टाकावी. पण वय वाढेल तशी तत्त्वं झिजतील, हेही त्याला कळतं. म्हणून तो आजच कागद करून ठेवतो. तो कागद फक्त बायकोच्या संमतीने रद्द होऊ शकतो. आणि बायकोला सांगतो, उद्या मी मन बदललं तरी तू संमती देऊ नकोस. तो मागणारा मी नसेन. पार्फिटचा प्रश्न त्या बायकोपुढचा आहे. वर्षं जातात, पन्नाशीतला नवरा समोर उभा राहून म्हणतो, मोकळा कर मला. ज्याला वचन दिलं तो तरुण तर आता नाही, तेव्हा ती वचनातून सुटली का? पार्फिटचा कल असा, की तिला वाटू शकतं, मला मोकळं करू शकणारा माणूसच आता उरलेला नाही. म्हणून वचन तसंच बांधलेलं आहे.

मी हे वाचलं तेव्हा फ्रिजवरचा तक्ता अजून काढला नव्हता.

बाबांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. औषधाच्या अमलात सही केली तर कोर्टही ती मानायला कचरेल. आणि विहिरीचा वाटा त्यांचा आहे, माझा नाही. शिवाय हा हिशेब सोयीने मांडता येतो, हेही बघा : मला नवे बाबा आवडले म्हणून त्यांचा शब्द खरा मानावा, जुने अबोल बाबा आवडत नाहीत म्हणून त्यांचा नकार खोटा, असं मी करत नाही ना? स्टेरॉइडने ते चिडखोर झाले असते, आईला वाटेल ते बोलले असते, तर 'ते औषध बोलत होतं' हे सगळ्यात आधी मीच म्हणाले असते. १९६६च्या मूळ मालिकेत 'द एनिमी विदिन' नावाचा भाग आहे. त्यात ट्रान्सपोर्टर कर्कचे दोन तुकडे करतो, एक मवाळ, एक हिंस्र. शेवटी दोघांना पुन्हा एक करतात, तेव्हा हिंस्र कर्कही ओरडतो, की मला जगायचंय. त्याच्या बाजूने आजवर कुणी पहाटेपर्यंत भांडलेलं मला माहीत नाही.

तरीही. काकांनी शब्द ऐकला तो औषधाकडून नाही. त्यांनी 'दादा' ऐकला. खोली रंगवली ती त्या दादासाठी, आणि तो दादा कुठे गेला हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. टुव्हिक्सच्या शेवटाला मला जे सगळ्यात जड वाटतं ते हेच आहे. टुव्हॉक आणि नीलिक्स परत आल्यावर त्यांना त्यातलं काय आठवतं, हे आपल्याला कळत नाही. कुणी त्यांना विचारत नाही, कुणी सांगत नाही. टुव्हिक्सने कुणाला काही कबूल केलं असेल, कुणाची ड्यूटी बदलून घेतली असेल, कुणाला उद्या अमुक पदार्थ करतो म्हणाला असेल. ते उद्याचं जेवण कुणी केलं? जहाज पुढे निघालं. आमचंही घर पुढे निघालं. त्या आठवड्यांबद्दल आम्ही बोलत नाही. माझ्या फोनमध्ये पहाटे तीनचं एक रेकॉर्डिंग आहे, सव्वा मिनिटाचं. आईला ऐकवलेलं नाही.

त्या दिवाळीत मी त्यांना गाडीत घातलं नाही. 'हो' म्हणाले होते, पण बाबांनी पेपर उघडला आणि मी गप्प बसले, त्या नियंत्रणकक्षातल्या लोकांसारखी. पुढच्या दिवाळीलाही.

काकांचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याकडे येतो. आधी पावसाची चौकशी, मग आईची, मग जरा थांबून, "दादा काय म्हणतो?" गेल्या खेपेला मी म्हणाले, बरे आहेत. ते म्हणाले, "तेव्हा फोनवर गाणं म्हणून दाखवलं होतं त्याने. आमच्या आईचं." हे मला माहीतच नव्हतं.

मे महिन्यात मी चार दिवस सुट्टी टाकली आहे. गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली. बाबांना अजून सांगितलेलं नाही.